धर्माच्या रकान्यात काय लिहायचे : एका कुटुंबाचे आणि एका मंडळीचे प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा-दिग्रस भागातल्या एका गावाचे आहे. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही व दोन-चार बारीक तपशील बदलले आहेत. त्या वेळी मी तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक होतो, त्यामुळे या प्रकरणाकडे मला त्रयस्थाच्या नजरेने पाहता येत नाही. त्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती वगळली तर बाकीचे सांगण्यात अर्थ उरत नाही, म्हणून तीही लिहीत आहे.

वरवर पाहता प्रश्न साधा होता. अठरा वर्षांच्या एका मुलीला बाप्तिस्मा घ्यायचा होता. तिच्या वडिलांचा त्याला विरोध नव्हता. ते स्वतः अकरा वर्षे न चुकता उपासनेला येत होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, मुलीचे जात वैधता प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत बाप्तिस्मा थांबवावा. मुलीला थांबायचे नव्हते. दोघेही माझ्याकडे वेगवेगळे येऊन गेले, आणि दोघांचेही बोलणे ऐकताना मला ते बरोबर वाटले.

कुटुंब मांग समाजाचे. वडील शेतमजुरी करत, लग्नसराईत बँडपथकात ढोल वाजवत, आणि उन्हाळ्यात घराच्या ओट्यावर बसून शिंदीचे फडे, म्हणजे झाडू, बांधत. अकरा वर्षांपूर्वी त्यांची दारू सुटली. ती कशी सुटली याची साक्ष त्यांनी मंडळीत एकदाच दिली, तीही चार वाक्यांत. पण साऱ्या गावाला ती ठाऊक होती, कारण ज्या माणसाला बाजाराच्या दिवशी उचलून घरी आणावे लागे तो माणूस आता बायकोच्या हातात मजुरी मोजून देत होता. पती-पत्नी दोघांनीही बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. आधी म्हाताऱ्या आईचे मन मोडायचे नाही म्हणून तो राहिला, आणि आई गेल्यावर मुलांच्या दाखल्यांसाठी राहिला. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला बाप्तिस्मा झालेल्यांनाच दिला जाई. त्या रविवारी ते मागच्या रांगेत बसून राहत आणि भाकर व प्याला पुढच्या रांगांतून फिरत असताना मान खाली घालत. तो प्याला त्यांच्यापर्यंत कधी पोहोचला नाही, आणि इतक्या वर्षांत त्यांनी त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही.

मुलगी बारावी झाली होती आणि तिला जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’ असे लिहिलेले होते, त्यावरून जातीचा दाखला निघाला होता, आणि मुदतीत वैधता प्रमाणपत्र सादर करण्याच्या अटीवर ती वर्गात बसत होती. पडताळणीसाठी जिल्हा समितीकडे अर्ज गेला होता. चुलत्याकडे आधीपासून वैधता प्रमाणपत्र होते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला असा कागद असला की काम सोपे जाते, हे सेतू केंद्रातल्या पोरालाही ठाऊक असते. तेव्हा जातीबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. प्रश्न होता तो अर्जातल्या धर्माच्या रकान्याचा आणि खालच्या शपथपत्राचा, कारण ख्रिस्ती माणूस कायद्याने अनुसूचित जातीचा धरला जात नाही.

ही मुलगी दर रविवारी सकाळी मंडळीतल्या लहान मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घेत असे. बावीस-तेवीस पोरे, त्यांत निम्मी आमच्या मंडळीबाहेरच्या घरांतली. ती त्यांना दानिएलाची गोष्ट फार चांगली सांगे. आपण रोज करतो ती प्रार्थना राजाज्ञेने अपराध ठरली हे कळल्यावरही दानिएलाने खिडकी लावून घेतली नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती पोरांना अर्धा तास खिळवून ठेवत असे.

चौकशीसाठी माणूस घरी येणार असल्याचा निरोप ज्या दिवशी आला, त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. भिंतीला निळीचा हात दिलेला होता. दाराच्या समोरच्या भिंतीवर मंडळीत नाताळाला वाटले जाणारे वचनांचे कॅलेंडर असे, ते काढलेले होते. त्याच्या जागी कॅलेंडरच्याच मापाचा एक गडद निळा चौकोन दिसत होता, कारण बाकीची भिंत चुलीच्या धुराने मळली होती आणि तेवढाच भाग झाकलेला राहिला होता. वरचा खिळा तसाच होता. मुलगी जमिनीवर बसून भाजी निवडत होती. ती त्या चौकोनाकडे पाहत नव्हती, आणि वडीलही पाहत नव्हते. मला चहा देताना ते म्हणाले, “पास्टर साहेब, देवाले सारं माहीत हाय. मंग साहेबाले कायले सांगाव?”

मला उत्तर सुचले नाही. मी चहा प्यायलो.

चौकशी करणारे आले, त्यांनी शाळेतले रजिस्टर पाहिले, घरी येऊन नातेवाइकांची, आडनावांची, मूळ गावाची माहिती लिहून घेतली आणि पंधरा-वीस मिनिटांत गेले. भिंतीबद्दल कोणी काही विचारले नाही. सगळे सुरळीत झाले होते आणि प्रमाणपत्र येण्यात काही अडचण दिसत नव्हती. पुढे जे घडले ते कोणी पकडले म्हणून घडलेले नाही. कोणी पकडणारही नव्हते.

आता कायद्याचे थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये त्याबद्दल अर्धवट माहितीच जास्त फिरते. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० यातील परिच्छेद ३ नुसार हिंदू धर्मापेक्षा वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माची आणि १९९० मध्ये बौद्ध धर्माची भर पडली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सूसाई नावाच्या एका चर्मकाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, धर्मांतरानंतरही जातीमुळे येणारे दैन्य तितक्याच तीव्रतेने टिकून राहते हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर आलेला नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने हा परिच्छेद काढून टाकावा अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच विषयासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. शिफारशी आणि आयोग आले, तरी ओट्यावर फडे बांधणाऱ्या माणसाच्या हातातल्या अर्जाचा रकाना बदलला नाही.

“बाप्तिस्मा झाला नाही म्हणजे कायद्याने मी ख्रिस्ती नाहीच” हा वडिलांचा युक्तिवाद मी पुष्कळांकडून ऐकला आहे. तो वाटतो तितका भक्कम नाही. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या विदर्भातील एका राखीव जागेवर निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धर्म स्वीकारला होता की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम या नावाने तो निकाल प्रसिद्ध आहे. त्यात न्यायालयाने धर्म ‘मानणे’ या शब्दाचा अर्थ आपली श्रद्धा उघडपणे जाहीर करणे असा लावला. म्हणजे पाणी लागले की नाही यापेक्षा माणूस चारचौघांत काय म्हणतो आणि कसा वागतो याला वजन आहे. २६ नोव्हेंबर २०२४ च्या एका निकालात तर बालपणी बाप्तिस्मा झालेल्या आणि चर्चला नियमित जाणाऱ्या पुदुच्चेरीच्या एका महिलेने नोकरीसाठी हिंदू म्हणून मागितलेला अनुसूचित जातीचा दाखला न्यायालयाने नाकारला आणि खरी श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणे ही संविधानाशी केलेली फसवणूक आहे असे म्हटले. महाराष्ट्रात खोट्या दाखल्यासाठी जात पडताळणीच्या २००० च्या अधिनियमात सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि मिळालेला लाभ परत घेतला जातो तो वेगळाच.

उघडपणे जाहीर करणे: कायद्याच्या या शब्दांपाशी मी बराच काळ थांबलो. पौल रोमकरांना लिहितो तेव्हा तोही अंतःकरणाने विश्वास ठेवणे आणि मुखाने कबूल करणे या दोन गोष्टी एकत्र बांधतो. ज्या कबुलीने आम्ही माणसाला तारण सांगतो, त्याच कबुलीने सरकार त्याचा दाखला काढून घेते, आणि अशा वेळी गरिबाला बायबलातले एक वचन ऐकवून मोकळे होणे फार सोपे असते.

मी यातून सुटण्यासाठी काय केले ते आता सांगतो. चौकशी झाल्यावर आठवड्याभराने वडील पुन्हा आले. शेजारच्या एकाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झाले होते आणि हे लोक चर्चमध्ये जातात असा तक्रार अर्ज समितीकडे करीन, अशी धमकी त्याने दिली होती. वडिलांना माझ्याकडून एक पत्र हवे होते. “आमी तुमच्या रजिस्टरात नाही, एवढंच लिहून द्या. खोटं नाही लिहाचं.” आणि ते खरेच होते. सभासदांच्या रजिस्टरमध्ये बाप्तिस्मा झालेल्यांचीच नावे असतात. मी मंडळीच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या की, सदर कुटुंबातील कोणीही व्यक्ती आमच्या मंडळीची बाप्तिस्माप्राप्त सभासद नाही. सही केली, शिक्का मारला. लिहिताना एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्या पत्राचा एकूण हेतू वाचणाऱ्याची फसगत व्हावी हाच होता. हे मला त्याच वेळी समजले होते. नंतर समजले असे म्हणून मी स्वतःला सूट देणार नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगी ते पत्र परत घेऊन आली. घडी न मोडता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. ती म्हणाली, “पास्टर साहेब, यात खोटं काय हाय ते मले बोट ठेवून दाखवता नाही येत. पण हे वाचल्यावर मी रविवारी त्या पोरांइच्या समोर नाही उभी राहू शकत. दानिएलानं खिडकी उघडी ठेवली, अन् मी कॅलेंडर काढाले हात लावला.” कॅलेंडर वडिलांनी काढले असे मी समजत होतो. ते तिने काढले होते. बाबांचा हात पोहोचत होता, पण ते नुसते उभेच राहिले होते, म्हणून तिने काढले.

मी तिच्यादेखत ते पत्र फाडले. मात्र तेवढ्याने ती गोष्ट संपत नाही, हे मला तिच्या पुढच्या प्रश्नाने दाखवून दिले. “मी जागा सोडली तर मंग काय?”

अशा वेळी उपदेशकाच्या तोंडी तयार असणारे उत्तर मला ठाऊक होते: ख्रिस्तासाठी सोड, देव पुरवील. ते मी दिले नाही, आणि त्याचे कारण माझ्या ठायी असलेला शहाणपणा नसून आदल्या आठवड्यातली लाज होती. शिवाय शास्त्रही या बाबतीत आपण समजतो तितके एकसुरी नाही. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून शुद्ध झाल्यावर संदेष्टा अलीशाला म्हणतो की, यापुढे मी परमेश्वराशिवाय कोणाला होमबली अर्पिणार नाही, पण माझा धनी माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, एवढ्याची परमेश्वर मला क्षमा करो. अलीशा त्याला झिडकारत नाही, “शांतीने जा” एवढेच म्हणतो. निकदेम नावाचा यहुदी पुढारी येशूकडे रात्रीचा येतो. प्रभू त्याला रात्रीचा आलास म्हणून परत पाठवत नाही, आणि शेवटी तोच निकदेम सुळावरून उतरवलेल्या देहासाठी उघडपणे गंधरस घेऊन येतो. ज्या माणसाने अकरा वर्षे मान खाली घालून प्याला पुढे जाऊ दिला, त्याच्या विश्वासाला नावापुरता म्हणण्याचा अधिकार मला नाही. या प्रकरणात ढोंगी शोधायचा झाला तर तो ओट्यावर फडे बांधणारा माणूस नव्हता. पण नामान आपली अडचण संदेष्ट्यासमोर उघड मांडतो, ती लपवण्यासाठी संदेष्ट्याकडून पत्र लिहून घेत नाही. माझ्या मते दोघांतला फरक इथे आहे.

मार्ग मला दुसऱ्याच घरी दिसला. गावात बौद्ध वस्ती मोठी आहे आणि तिथले एक निवृत्त गुरुजी माझे चांगले स्नेही. मी नाव न घेता त्यांना अडचण सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांच्या वडिलांची हकिकत सांगू लागले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांचे वडील तिथे होते. परत आल्यावर त्यांनी शाळेत मुलांच्या नावापुढे ‘बौद्ध’ लिहायला लावले. राज्याने पुढे सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत यायला १९९० साल उजाडले; म्हणजे चौतीस वर्षे. त्या काळात केंद्राच्या नोकरीसाठी कोणी जुनीच नोंद ठेवली, कोणी नव्या नोंदीवर ठाम राहून नोकरी गमावली, आणि एकाच घरात दोन भावांचे दोन प्रकारचे कागद झाले. ज्यांनी जुनी नोंद ठेवली त्यांना वस्तीने वाळीत टाकले नाही, असे गुरुजींनी मुद्दाम सांगितले. मी विचारले, तुमच्या वडिलांना भीती नाही वाटली? ते म्हणाले, “वाटली असन. पण ते एकटे नोते ना जी. सारी वस्ती लिवून बसली होती. एकट्याले कोणी लिवाले सांगतलं असतं तर नसतं लिवलं.”

त्या रात्री सायकलवर घरी येताना मला माझ्या उपदेशातली खोट दिसली. खरेपणाने जगा असे मी दर रविवारी एकेका माणसाला सांगत होतो. खरेपणाची किंमत कोणी भरायची हे मात्र मी मंडळीला कधी विचारले नव्हते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंचकमिटीची बैठक झाली. मुलीच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने मी विषय मांडला. वडिलांनी परवानगी दिली ती नाखुशीने, आणि स्वतः आले नाहीत. आमच्या मंडळीत चाळीसेक घरे, त्यांपैकी सात-आठ घरे तिसऱ्या-चौथ्या पिढीची. यवतमाळ जिल्ह्यात मिशनचे काम जुने आहे. एके काळी, १९५३ पासून १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत, युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळला होती आणि देशभरातले पाळक इथे शिकून गेले. या जुन्या घरांतून शिक्षक, परिचारिका, कारकून झाले. त्यांतलेच एक ज्येष्ठ पंच पहिल्यांदा बोलले. विश्वास असेल तर सवलत सोडावी, दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही, आम्ही कधी सवलत मागितली का, असे ते म्हणाले. ते कठोर माणूस नाहीत. दुखण्या-भाण्यात सर्वांआधी धावणारे आहेत. त्यांना ते मनापासून तसे वाटत होते.

त्यांना उत्तर माझ्याकडून आले नाही. कमिटीत एकच बाई होत्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या, आणि त्या बैठकीत सहसा बोलत नसत. त्या म्हणाल्या, “दादा, तुमच्या आज्याले मिशनच्या बोर्डिंगात घातलं तवा फी कोणं भरली? जेवण कोणाचं होतं, पुस्तकं कोणाची होती? तुमाले सवलत मागाव लागली नाही, कावून का ती आधीच भेटली होती. या पोरीले कोणतं मिशन हाय?” बैठकीत कोणी काही बोलेना. ज्येष्ठ पंचांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. मग तेच म्हणाले की, स्लॅबचे पैसे आहेत.

आमच्या मंदिराला टिनाचे छप्पर होते आणि स्लॅबसाठी सहा वर्षे पैसे जमत होते. भिंतींवर गजांचे तुरे वर काढून ठेवलेले होते. दर वर्षी दिवाळीनंतर, कापूस घरात आला की, आम्ही कापणीचा सण करतो. ज्याचे त्याचे पहिले पीक वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. कोहळे, तुरीच्या शेंगा, एखादी गावरान कोंबडी, पाच-दहा किलो कापूस. पाव किलो मिरची दोनशे रुपयांना जाते आणि घेणारा ती पुन्हा लिलावात ठेवतो. त्या वर्षीच्या सणाचे पैसे आणि स्लॅबच्या निधीतला निम्मा भाग शिक्षणासाठी वेगळा काढायचा, असे ठरले. फक्त या मुलीसाठी नाही. मंडळीतल्या ज्या घरावर हा प्रसंग येईल त्या घरासाठी. ठराव मीच लिहिला. त्यात मी एक वाक्य घालायला लावले: जे कुटुंब अजून जुन्या नोंदीवर राहील त्याच्याकडे मंडळी कमीपणाने पाहणार नाही. त्यावर वाद झाला. दोन पंचांनी सही केली नाही, आणि त्यांची हरकतही मी इतिवृत्तात नोंदवली.

यानंतर सगळे गोड झाले असे मला लिहिता येत नाही. मुलीने डिसेंबरमध्ये समितीकडचा अर्ज मागे घेतला आणि जागा सोडली. राखीव जागेवरचा प्रवेश होता, त्यामुळे जागेबरोबर प्रवेशही गेला. त्या महिन्यांची फी कॉलेजने मागितली आणि ती निधीतून भरावी लागली. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना राज्यात इतर मागासवर्गीयांत धरले जाते; तोही मार्ग आम्ही पाहिला, पण घरातले सगळे जुने कागद एका धर्माचे आणि ती दुसऱ्या धर्माची, अशा स्थितीत ते कागद जुळवता जुळवता वर्ष निघून गेले. चुलत्याने भावाशी बोलणे तोडले. त्याचा मुलगा सरकारी नोकरीत होता, आणि एकाच वंशावळीतल्या मुलीने असे काही लिहून दिले तर आपल्या पोराच्या प्रमाणपत्रावर कोणीतरी बोट ठेवील ही त्याची भीती होती. ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. तसे काही झाले नाही, पण दोन्ही घरांच्या मधली वाट बंद झाली ती झालीच.

सर्वांत जास्त तुटले ते वडील. ते माझ्यावर रागावले, आणि त्यांना तो हक्क होता. आधी पत्र लिहून देणारा मीच आणि नंतर फाडणाराही मीच. चार महिने ते उपासनेला आले नाहीत. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, “तुमी सारे मिळून माया पोरीले शायनी केलं. मी आपला एकटाच राह्यलो.” या वाक्याला मी उत्तर दिले नाही. त्यांच्या घरी जात राहिलो, ओट्यावर बसत राहिलो. काही वेळा ते आत निघून जात. मग मी अर्धवट बांधलेला फडा हातात घेऊन बसे. त्यांनी मला फडा बांधायला शिकवला तो त्याच दिवसांत, फारसे न बोलता.

फेब्रुवारीत अरुणावतीच्या डोहात मुलीचा बाप्तिस्मा झाला. पाणी कमरेच्या खाली होते आणि गार होते. आई काठावर टॉवेल घेऊन उभी होती. वडील आले नव्हते असे मला वाटत होते. नंतर कळले की ते वरच्या पुलाच्या कठड्याशी उभे होते आणि मुलगी पाण्यातून वर आल्यावर निघून गेले. एप्रिलमध्ये ते परत येऊ लागले आणि पुन्हा त्याच मागच्या रांगेत बसले. त्या रविवारी प्रभुभोजन होते. प्याला नेहमीप्रमाणे पुढच्या रांगांतून फिरला. फरक एवढाच होता की मुलगी आता घेणाऱ्यांत होती, आणि घेतल्यावर ती मागे जाऊन वडिलांच्या शेजारी बसली.

पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या कॉलेजात खुल्या जागेवर प्रवेश मिळाला. फी वर्षाला ऐंशी हजारांच्या घरात. त्यातली निम्मी फी मंडळी भरते. बाकीची आईच्या बचत गटाच्या कर्जातून आणि लग्नसराईतल्या ढोलाच्या सुपारीतून जाते. मी आता त्या गावात पाळक नाही, पण गेल्या कापणीच्या सणाला गेलो होतो. मंदिराला टिनच आहे. गजांचे तुरे गंजू नयेत म्हणून त्यांना खताच्या पिशव्या बांधलेल्या आहेत आणि त्या वाऱ्याने फडफडतात, उपासनेत ते ऐकू येते.

लिलाव संपल्यावर वडील मला बाजूला घेऊन गेले. धाकटा मुलगा आता दहावीला आहे. शाळेतून शिष्यवृत्तीचा फॉर्म आला होता, तो त्यांनी खिशातून काढला, घडी उलगडली आणि धर्माच्या रकान्यावर बोट ठेवले. तो रकाना त्यांनी कोराच ठेवला होता. “यंदा कमिटीत मीबी येतो,” ते म्हणाले. “माया समोर बोला सारे.”

बैठक पुढच्या शनिवारी होती. निधीत एका मुलीच्या उरलेल्या वर्षाचे पैसे आहेत, दोघांचे नाहीत.